टोटल लॉस झालेल्या ट्रॉलीला कंपनीने ‘बाजारभाव’ लावला, तर काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे : खडी-वाळू वाहणारी, ट्रॅक्टरला जोडायची हायड्रॉलिक टिपिंग ट्रॉली पुलाच्या कठड्यावरून नाल्यात गेली आणि टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही इतकी मोडली. वय अडीच वर्षे. कमर्शियल पॅकेज पॉलिसीत ट्रॉलीची आयडीव्ही (पॉलिसीत लिहिलेली वाहनाची किंमत) २,१०,००० रुपये. विमा कंपनीचा ई-मेल आला, ‘सर्व्हेयरच्या मते बाजारभाव १,६५,०००. त्यातून साल्व्हेजचे ६०,००० वजा. १,०५,००० मंजूर. सोबतच्या डिस्चार्ज व्हाउचरवर सही करून पाठवा.’ (सर्व्हेयर म्हणजे नुकसान मोजणारा, साल्व्हेज म्हणजे मोडका सांगाडा, डिस्चार्ज व्हाउचर म्हणजे रक्कम मिळून हिशेब मिटल्याची पावती.) यावर हरकत घेता येते का, आणि कशी?

घेता येते, आणि हे प्रकरण तुमच्या बाजूने भक्कम आहे. मात्र बहुतेक जण पहिल्याच पायरीला चुकतात. जुन्या ट्रॉल्यांच्या जाहिराती गोळा करतात, दोन-चार डीलर्सकडून ‘अशी ट्रॉली दोन लाखांच्या खाली मिळत नाही’ असे लिहून घेतात आणि कंपनीशी बाजारभावावर वाद घालत बसतात. म्हणजे कंपनीने आखलेल्या मैदानावर आपणहून खेळायला उतरतात. टोटल लॉसमध्ये आज बाजारात काय भाव आहे, हा मुद्दाच उरत नाही. किंमत पॉलिसी घेतली त्या दिवशीच ठरलेली असते, तिलाच आयडीव्ही म्हणतात.

पॉलिसीचे छापील पुस्तक काढा. दोन पानी शेड्यूल नव्हे, अटींची पूर्ण पुस्तिका. एजंटाने दिली नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. त्यात ‘इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू’ या मथळ्याखाली अशा अर्थाचे वाक्य असते की पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत आयडीव्ही हीच वाहनाची ‘मार्केट व्हॅल्यू’ मानली जाईल, आणि टोटल लॉस किंवा कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉसच्या क्लेमसाठी तिच्यावर पुन्हा घसारा (वयामुळे किमतीत धरली जाणारी घट) लावला जाणार नाही. तुमची निम्मी लढाई या एका वाक्यात आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, पत्रात ते जसेच्या तसे उतरवायचे आहे.

आयडीव्ही ठरते कशी, तेही तपासून घ्या. नव्या ट्रॉलीच्या किमतीतून पॉलिसी सुरू होतानाच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पाच वर्षांपुढच्या वाहनाची आयडीव्ही दोघांनी मिळून ठरवायची असते. तुमची ट्रॉली नवी ३,००,००० ची होती आणि पॉलिसी घेताना दोन वर्षे उलटली होती, म्हणजे ३० टक्के घसारा जाऊन २,१०,०००. हिशेब बरोबर आहे. घसारा एकदा कापून झाला आहे. सर्व्हेयरने ‘बाजारभाव’ म्हणून काढलेले १,६५,००० म्हणजे त्याच घसाऱ्याची दुसरी कात्री.

उलट बाजूही सांगायला हवी. हप्ता कमी यावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही मुद्दाम खाली आणली असेल, तर अपघातानंतर ती वाढवून मिळत नाही. ‘ट्रॉली तर खरी अडीच लाखांची होती’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. आयडीव्ही दोन्ही बाजूंना बांधते.

आता शेड्यूलमधल्या ओळी बघा. कमर्शियल पॉलिसीत वाहन, ट्रेलर, विजेवर चालणाऱ्या व न चालणाऱ्या जोडणी यांची आयडीव्ही वेगवेगळ्या रकान्यांत असते. ट्रॉलीच्या रकान्यात आकडा आहे ना, की सगळा आकडा ट्रॅक्टरच्याच रकान्यात गेला आहे? हायड्रॉलिक जॅक आणि टिपिंगची जोडणी मूळ बिलातच असेल तर ती ट्रॉलीच्या किमतीत आली. नंतर गावातल्या फॅब्रिकेटरकडून बसवून घेतली असेल आणि जाहीर केली नसेल, तर तिचे पैसे मागण्यात अर्थ नाही. त्या एका मागणीमुळे बाकीच्या मागण्यांचे वजनही कमी होते. ट्रॉलीत भरलेला माल आणि अवजारे या पॉलिसीत मुळीच येत नाहीत.

ट्रॅक्टरचेही नुकसान झाले असेल तर एक चाल हमखास दिसते. दोन्हींची आयडीव्ही एकत्र करून दुरुस्तीचा खर्च त्या बेरजेच्या ७५ टक्क्यांशी ताडून पाहायचा आणि ‘टोटल लॉस नाही’ म्हणायचे. याला उत्तर असे की मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याचे आरसी बुक वेगळे, शेड्यूलमध्ये आयडीव्ही वेगळी. मग कसोटीही वेगळीच लागली पाहिजे.

ही ७५ टक्क्यांची कसोटी नीट समजून घ्या, कारण तुम्ही बाजारभावाचा मुद्दा खोडून काढलात की कंपनी दुसऱ्या दारातून येते : ‘मग टोटल लॉस नकोच, दुरुस्ती करून घ्या.’ नियम असा : वाहन बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर तो कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. ‘पॉलिसीच्या अटी लावून’ हे तीन शब्द महत्त्वाचे. याचा अर्थ गॅरेजचे ढोबळ एस्टिमेट धरत नाहीत, सुट्या भागांवरचा घसारा कापून उरलेली रक्कम धरतात. धातूच्या भागांवर दोन ते तीन वर्षे वयाला १५ टक्के (तीन ते चारला २५, चार ते पाचला ३५, पाच ते दहाला ४०, पुढे ५०). रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूबवर वय काहीही असो, ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही.

तुमच्या ट्रॉलीचा नमुना हिशेब मांडतो. आयडीव्हीचे ७५ टक्के म्हणजे १,५७,५००. समजा चासीचे चॅनल, एक्सल, पाटे, ड्रॉबार, डाल्याचे पत्रे, फाळका आणि जॅक मिळून लोखंडी सामान १,४२,००० चे. १५ टक्के गेले की १,२०,७००. कापणी, वेल्डिंग, जोडणीची मजुरी ३४,०००. झाले १,५४,७००. नाल्यातून काढायला क्रेनचे तुम्ही १२,००० मोजले असले, तरी पॅकेज पॉलिसीत अशा वाहनाला हलवण्याच्या खर्चाची मर्यादा साधारण २,५०० आहे, म्हणून तेवढेच धरू. एकूण १,५७,२००. उंबरठ्याला ३०० रुपये कमी!

अशा वेळी सर्व्हेयर बहुधा उघडून न बघितलेल्या ट्रॉलीवरच रिपोर्ट लिहून मोकळा झालेला असतो. त्याला लेखी कळवा की ट्रॉली खोलून पुन्हा पाहणी हवी. चाके काढल्यावर हबला तडा आणि स्टब वाकलेला निघाला, त्याचे ६,००० वाढले, तर घसारा जाऊन ५,१०० ची भर पडते आणि एकूण १,६२,३०० होते. तीनशे रुपयांची उणीव भरून निघाली, आणि क्लेम दुरुस्तीतून टोटल लॉसमध्ये गेला.

म्हणून मोजमापे स्वतः घेऊन ठेवा. चासीच्या चार कोपऱ्यांवर खडूने खुणा करून दोन्ही कर्ण टेपने मोजा. सरळ चासीत ते सारखे भरतात. एक दुसऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरने लांब निघाला तर चासी तिरकी झाली आहे, नुसता पत्रा बदलून भागणार नाही. एक्सलचे तसेच : डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर पुढून आणि मागून मोजा, फरक आला की एक्सल वाकला. जॅकचा रॉड वाकला असेल तर ‘सरळ करून घ्या’ हे एस्टिमेट मान्य करू नका. सरळ करताना क्रोमचा थर चिरतो, तो सील कापतो आणि भरलेला डाला उचलताना तेल गळून जॅक बसतो. टेप फोटोत दिसेल असे फोटो काढा, चासी नंबरच्या पाटीसकट.

एस्टिमेटचा कागद हा आणखी एक कच्चा दुवा. ट्रॉल्या बहुतेक स्थानिक फॅब्रिकेटर बनवतात आणि त्यांचे एस्टिमेट एका ओळीचे असते : ‘ट्रॉली दुरुस्ती, एकूण इतके.’ मग सर्व्हेयर त्यातले साहित्य किती आणि मजुरी किती हे आपल्या अंदाजाने ठरवतो, आणि साहित्य जितके जास्त धरेल तितका घसारा जास्त. फॅब्रिकेटरला बसवून यादी करून घ्या : कोणते चॅनल, किती फूट, किती किलो, काय दर, पत्रा किती जाडीचा, मजुरी वेगळी, जीएसटी वेगळा. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि इनपुट क्रेडिट घेत असाल तर कराची रक्कम कंपनी वगळेल, ते योग्यच आहे.

टायरबाबत कमर्शियल पॉलिसीत एक खोच आहे. आयएमटी २३ (आयएमटी म्हणजे मोटार पॉलिसीला जोडायच्या ठरावीक क्रमांकाच्या पुरवण्या) हे जादा कव्हर घेतलेले नसेल तर दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर, रंगकाम यांचे नुकसान भरून मिळत नाही. पण आयएमटी २१ मधल्या त्या वगळणुकीची सुरुवातच ‘टोटल लॉस वगळता’ अशी होते. टोटल लॉस मान्य करूनही टायरचे पैसे वेगळे कापले असतील, तर ती कपात सरळ चुकीची आहे.

आता साल्व्हेजचे ६०,०००. इथे कंपनीने दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे. सांगाडा कंपनीने उचलायचा असेल तर पूर्ण आयडीव्ही मिळते, फक्त शेड्यूलमध्ये लिहिलेली सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, जाते. सांगाडा तुम्ही ठेवणार असाल तरच त्याची किंमत वजा होते. तुमच्याकडून ट्रॉलीही घ्यायची आणि साल्व्हेजही कापायचे, असे होत नाही. म्हणजे योग्य आकडे दोनच : सांगाडा देऊन २,१०,०००, किंवा ठेवून १,५०,०००, दोन्हींतून ती वजावट जाऊन. १,०५,००० हा आकडा पॉलिसीच्या कोणत्याच कलमातून निघत नाही.

ठेवावा की द्यावा? आरसी बुकात रिकाम्या ट्रॉलीचे वजन असते. समजा १,९०० किलो. टायर, माती, लाकूड सोडून लोखंड १,७०० किलो धरा. भंगाराचा दर किलोला ३० रुपये मिळत असेल तर ५१,०००. एक एक्सल, दोन टायर, रिम असे विकण्याजोगे काही शाबूत असेल तर ६०,००० ला ठेवणे परवडते. सगळेच पिळवटले असेल तर ६०,००० ला अंगावर घेऊ नका. ‘तुमच्याकडे साठ हजारांची बोली आहे ना, मग त्या बोलीदाराला द्या’ असे लेखी कळवा. बोली कोणाची, कोणत्या तारखेची, किती दिवस वैध, ही प्रत मागा. बऱ्याच बोल्या ऑनलाइन लिलावातल्या असतात आणि प्रत्यक्ष उचलायची वेळ आली की बोलीदार मागे सरतो किंवा ‘आरसी ट्रान्सफर होणार असेल तरच’ असे म्हणतो. तो धोका कंपनीचा आहे, तो तुमच्या गळ्यात पडू देऊ नका.

कंपनीकडे कपातीचे आणखी एक हत्यार असते, ‘नॉन-स्टँडर्ड’ क्लेम. जादा भार, परवाना, फिटनेस, वापराचा प्रकार अशा अटीचा भंग झाला म्हणून पूर्ण नकार देण्याऐवजी ७५ टक्के देणे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ही पद्धत मान्य केलेली आहे, त्यामुळे खरोखर अटीचा भंग झाला असेल तर ७५ टक्क्यांवर मिटवणे शहाणपणाचे ठरू शकते. खरी अडचण येते ती शेतीसाठी म्हणून विमा उतरवलेल्या ट्रॉलीतून भाड्याने दुसऱ्याची वाळू वाहताना. तुमची पॉलिसी कमर्शियल आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. चालकाकडे ट्रॅक्टरचे लायसन्स होते, पण ‘ट्रॉली जोडली म्हणून ते चालत नाही’ असा आक्षेप आला तर तो २००१ मध्येच सुप्रीम कोर्टाने फेटाळला आहे. वजनकाट्याची पावती असेल तर जपून ठेवा. जादा भाराचा आरोप आला की तेवढाच पुरावा कामी येतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. व्हाउचरवर सही नको. आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. विमाधारकाने मागितल्यावर ती मिळालीच पाहिजे. ‘अंतर्गत दस्तऐवज आहे’ हे उत्तर नियमात बसत नाही. रिपोर्ट हाती आला की १,६५,००० कुठून आले ते बघा. बहुतेक वेळा तिथे तुलनेची एकही ट्रॉली, एकही बिल नसते, नुसता ‘आमच्या मते’ असतो. सर्व्हेयरचा रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल, आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने. मजकूर एवढाच पुरे :

‘पॉलिसी क्रमांक …, क्लेम क्रमांक …. सदर ट्रॉलीचे नुकसान आपण टोटल लॉस म्हणून मान्य केले आहे. पॉलिसीच्या अटींनुसार आयडीव्ही रु. २,१०,००० हीच मार्केट व्हॅल्यू असून तिच्यावर पुढील घसारा लावता येत नाही. रु. १,६५,००० ही रक्कम पॉलिसीतील कोणत्या अटीनुसार काढली, ते लेखी कळवावे. मी साल्व्हेज ठेवू इच्छित नाही. आपण ते पंधरा दिवसांत उचलावे, त्यानंतरचे पार्किंग भाडे आपल्यावर राहील. मान्य असलेली रक्कम हक्क राखून स्वीकारण्यास मी तयार आहे.’

‘कोणत्या अटीनुसार’ हा प्रश्न पत्रात हवाच. त्याचे उत्तर कंपनीकडे नसते, आणि उत्तर न देणे हेच पुढे तुमच्या कामी येते. भावनिक मजकूर, हप्ते किती वर्षे भरले त्याची कहाणी, धमक्या हे सगळे टाळा. हे पत्र पुढे विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी, वाचणार आहे असे समजून लिहा.

घरची गरज अशी असते की मिळतील ते पैसे घ्यावेत. घ्यायचे झाले तर व्हाउचरवर सहीच्या वर ‘विरोध नोंदवून, उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारले’ असे लिहा, त्याचा फोटो ठेवा आणि त्याच दिवशी तोच मजकूर ई-मेलही करा. व्हाउचरवर सही घेतली म्हणजे विमाधारकाचा पुढे दाद मागण्याचा हक्क संपत नाही, असे आयआरडीएआयने (विमा नियामक संस्था) २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. तरीही निमूट केलेली सही प्रकरण वर्षभर लांबवू शकते, कारण मग दबाव होता हे तुम्हाला सिद्ध करत बसावे लागते.

दोन आठवड्यांत समाधान झाले नाही तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे निवाडा होत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते, पण वरच्या टेबलावर जाते आणि तिची नोंद राहते. ‘बाजारभाव’वाली प्रकरणे याच टप्प्यावर मिटायला हवीत, कारण हा मुद्दा पुढे टिकत नाही हे कंपनीच्या कायदा विभागाला ठाऊक असते.

तिथेही अडले तर दोन वाटा. विमा लोकपाल : २०१७ च्या नियमांखाली, फी नाही, वकील नाही, मर्यादा आता ५० लाख. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालये आहेत. कंपनीला लेखी तक्रार देऊन एक महिना उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, की त्यानंतर एका वर्षाच्या आत जायचे. पॉलिसी व्यक्तीच्या, एकमालकी व्यवसायाच्या किंवा सूक्ष्म उद्योगाच्या नावावर असेल तर चालते. ट्रॉली प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर असेल तर सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. उलट मात्र होत नाही. आयोगात आधी गेलात तर लोकपाल तक्रार घेत नाही. तेव्हा क्रम चुकवू नका.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षे. तिथे अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावरून ठरते, त्यामुळे जिल्हा आयोगच लागतो, आणि हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. ‘ट्रॉली धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ ही कंपनीची ठरलेली हरकत आहे. धंद्याच्या मालमत्तेचा विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा कमावण्यासाठी नव्हे, असे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगून ती मोडीत काढली आहे. मागणीत फरकाची रक्कम आणि उशिराबद्दल व्याज दोन्ही लिहा. विमा नियमांतच उशिराच्या रकमेवर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज सांगितलेले आहे.

भांडण चालू असताना दोन कामे विसरू नका. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेच्या खात्यात जातात. बँकेकडून आजचे बाकी कर्ज लिहून घ्या आणि तडजोडीच्या कोणत्याही आकड्याला बँकेने परस्पर होकार देऊ नये असे शाखेला लेखी कळवून ठेवा. ट्रॉली कायमची निकामी झाल्याचे आरटीओला १४ दिवसांत कळवायचे असते. पण सांगाडा कंपनीकडे जाणार की तुमच्याकडे राहणार हे ठरेपर्यंत मूळ आरसी बुक कोणाच्या हाती देऊ नका, फक्त प्रत द्या आणि मूळ कागद सुपूर्द करताना पोच घ्या. आणि सांगाडा गॅरेजमध्ये उभा असेल तोवर आठवड्याला एकदा चारही बाजूंनी फोटो काढा. रिमसकट टायर रात्रीत गायब झाले की साल्व्हेजची बोली खाली येते, आणि कंपनी तो फरक तुमच्या नावावर टाकते.